शास्त्र आणि संसार : रक्तांतील साखरेची खातेवही

बहुतेक प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत आतां वैद्यकीय कागदांची एक स्वतंत्र पिशवी असते. लग्नपत्रिका, जन्मटिपणें आणि घरपट्टीच्या पावत्या यांच्या शेजारींच तिलाहि कपाटांत जागा मिळालेली असते. त्या पिशवींतून रक्तपरीक्षेचा अलीकडचा कोणताहि कागद उचलून पाहिला, तर त्यांत ‘ग्लायकेटेड हिमोग्लोबिन’ किंवा ‘एचबीएवनसी’ असें एक चमत्कारिक नांव आणि त्यापुढें ६.१, ७.४ असा एखादा आंकडा बहुधा आढळेलच. आजोबांच्या ताटांतून भात कमी होतो तो या आंकड्यावरून. थोरल्या काकूंच्या गोळ्या वाढतात त्या या आंकड्यावरून. आणि यंदां दिवाळींत लाडू किती करावयाचे हा वादहि पुष्कळ घरीं याच आंकड्यापाशीं येऊन मिटतो. ज्या आंकड्याची सत्ता थेट स्वयंपाकघरापर्यंत पोंचली आहे, तो येतो कोठून, कशाचें वजन करून येतो आणि त्यावर कितपत विसंबावें, हें घरांतील निदान एका माणसास तरी नीट ठाऊक असावें, या हेतूनें आजचा विषय निवडला आहे.

प्रथम या परीक्षेचा आणि साध्या साखर-परीक्षेचा भेद लक्षांत घ्यावा. सकाळीं उपाशीपोटीं काढलेल्या रक्तांत जी साखर सांपडते, ती म्हणजे दुकानाच्या गल्ल्यांत त्या घटकेस असलेली रोकड. गल्ला पाहून गेल्या तिमाहींत धंदा कसा झाला हें कळत नाहीं. त्यासाठीं खातेवही उघडावी लागते. परीक्षेपूर्वीं दोन दिवस कडकडीत पथ्य पाळून गल्ल्यांतील रोकड हवी तशी दाखवितां येते, आणि अशी युक्ति करणारे वडीलधारे कोणाच्या घरीं नाहींत? परंतु ग्लायकेटेड हिमोग्लोबिन ही खातेवही आहे. गेल्या दोनतीन महिन्यांतील साखरेची नोंद तींत होऊन बसलेली असते, आणि ती दोन दिवसांच्या उपासानें पुसली जात नाहीं.

ही नोंद ठेवतो कोण? रक्ताला तांबडा रंग देणारें हिमोग्लोबिन नांवाचें जें प्रथिन, तेंच हा कारकून होय. प्रथिन म्हणजे वीस जातींच्या अमिनो आम्लांच्या मण्यांची ओवलेली माळ. कोणत्या माळेंत कोणता मणी कितव्या जागीं यावा, हें आनुवंशिक संहितेनें ठरलेलें असतें. परंतु तो क्रम कळला म्हणजे प्रथिनाविषयीं सर्व कळलें असें होत नाहीं. माळ ओवून झाल्यावर पेशींत तिच्यावर निरनिराळे संस्कार होतात. कोठें फॉस्फेटचा गट चिकटतो, कोठें ॲसेटिल, कोठें मिथिल, कोठें शर्करा. तोच गृहस्थ पगडी घालून कचेरींत गेला कीं अधिकारी होतो आणि सोवळें नेसून देवघरांत बसला कीं पूजक होतो. त्याप्रमाणें तेंच प्रथिन एका संस्कारानें कामास लागतें, दुसऱ्यानें विश्रांति घेतें, तिसऱ्यानें मोडीत निघतें. माणूस ओळखण्यास जसें केवळ नांव पुरत नाहीं, तसा प्रथिन ओळखण्यास केवळ मण्यांचा क्रम पुरत नाहीं.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूंत चार माळा असतात. दोन आल्फा जातीच्या, प्रत्येकीं १४१ मण्यांच्या, आणि दोन बीटा जातीच्या, प्रत्येकीं १४६ मण्यांच्या. एकेका तांबड्या रक्तपेशींत असे सुमारें २७ कोटी रेणु ठासून भरलेले असतात. स्नायूंच्या पेशींत शिरावयाचें तर साखरेस बहुधा इन्सुलिनची परवानगी लागते. तांबड्या पेशीच्या दारावर असा पहारा नाहीं. रक्तांत जितकी साखर, तितक्या मानानें ती आंत येते, आणि बीटा माळेच्या अगदीं पहिल्या मण्याशीं, म्हणजे व्हॅलिन नांवाच्या अमिनो आम्लाशीं, हळूच जोडली जाते. आरंभीं हा जोड सैल असतो व सुटूंहि शकतो; पण कांहीं काळानें त्याची अंतर्गत रचना बदलते आणि मग तो सहसा सुटत नाहीं. या कामीं कोणत्याहि विकराची मदत लागत नाहीं. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. तेवढ्या मुदतींत जितके रेणु साखरेनें गांठले, तितक्यांवर तिची खूण राहते. पेशी मेली कीं तिची वही बंद झाली. नव्या आणि जुन्या पेशी रक्तांत सदैव मिसळलेल्या असल्यामुळें जो सरासरी आंकडा मिळतो, त्यांत सुमारें निम्मा वांटा शेवटच्या एका महिन्याचा असतो, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ही रासायनिक क्रिया आमच्या भगिनींस मुळींच अपरिचित नाहीं. तव्यावरील भाकरीला पडणारे खरपूस डाग, भाजलेल्या पावाची तांबूस कड, बासुंदी आटतांना दुधाला येणारा बदामी रंग, हीं सर्व साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्या संयोगाचींच फळें आहेत. लुई कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, म्हणून ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. चुलीवर जें कांहीं मिनिटांत होतें, त्याचा पहिला टप्पा शरीराच्या ३७ अंशांच्या मंद उष्णतेंत दिवसानुदिवस चाललेला असतो. तांबडी पेशी चार महिन्यांत संपते, म्हणून तिच्यांत प्रकरण फारसें पुढें जात नाहीं. परंतु डोळ्यांतील भिंगाचीं प्रथिनें जन्मभर तींच राहतात, आणि त्यांच्यावर हा संस्कार वर्षानुवर्षें सांचत जातो. मधुमेह्यांच्या डोळ्यांस आणि रक्तवाहिन्यांस होणाऱ्या उपद्रवांचें एक मूळ येथें आहे.

या नोंदीचा शोध इराणांत लागला. तेहरान येथें सॅम्युएल राहबर हे हिमोग्लोबिनचे असाधारण प्रकार शोधण्यासाठीं रक्ताचे नमुने विद्युत्‌क्षेत्रांतून चालवून पाहत असत. मधुमेही रोग्यांच्या नमुन्यांत त्यांना एक पट्टा नेहमीपेक्षां अधिक जलद सरकणारा आढळला, आणि ही गोष्ट त्यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील कोनिग, सेरामी आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, रोग्याची साखर आटोक्यांत आणली म्हणजे हा अंशहि सावकाश उतरतो. तेव्हांपासून त्यास रोगाचा पहारेकरी मानूं लागले. त्याचें खरें महत्त्व मात्र अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या काळांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रोग्यांपैकीं कांहींना नेहमीचे उपचार दिले व कांहींवर अधिक कडक लक्ष ठेविलें. पहिल्या वर्गाचा आंकडा ९ च्या आसपास राहिला, दुसऱ्याचा ७ च्या आसपास. ज्यांच्या नेत्रपटलास आरंभीं विकार नव्हता, अशांपैकीं कडक उपचार घेणाऱ्यांत तो विकार उद्भवण्याचें प्रमाण शेंकडा ७६ नीं घटलें. दोन अंकांच्या फरकानें कित्येकांचे डोळे वांचले. म्हणूनच हा आंकडा बरोबर मोजला जाणें ही केवळ प्रयोगशाळेंतील कौतुकाची बाब राहत नाहीं.

आतां बरोबर मोजावयाचें म्हणजे काय? साखर चिकटलेलें हिमोग्लोबिन आणि न चिकटलेलें हिमोग्लोबिन यांच्यांत निश्चित भेद कोणता? रंग तोच, कामहि जवळजवळ तेंच. एक भेद मात्र कधींच लपत नाहीं, तो वजनाचा. हायड्रोजनच्या एका अणूचें वजन सुमारें एक डाल्टन धरतात. या मापानें बीटा माळेचें वजन १५,८६७ डाल्टन भरतें. साखर चिकटली कीं त्यांत १६२ ची भर पडून तें १६,०२९ होतें. सोनार जसा कांट्यावर गुंजभराचा फेर ओळखतो, तसा हा फेर ओळखणारा कांटा मिळाला म्हणजे झालें.

तो कांटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, अर्थात्‌ वस्तुमान-वर्णपटमापक. एकच बैलजोडी एकदां रिकाम्या गाडीस आणि एकदां धान्यानें भरलेल्या गाडीस जुंपली, तर रिकामी गाडी आधीं पोंचेल, हें सांगण्यास शास्त्रज्ञ नको. या यंत्रांत रेणूंना विद्युद्भार देऊन निर्वात पोकळींत विद्युत्शक्तीनें ओढतात. हलके रेणु लवकर पोंचतात किंवा अधिक वळतात, जड रेणु मागें राहतात किंवा कमी वळतात, आणि त्यावरून भाराच्या मानानें त्यांचें वजन निघतें. केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन यांनीं निऑन वायूंत २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणु आहेत याचा सुगावा याच तत्त्वावर लावला. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनीं १९१९ सालीं अधिक सूक्ष्म यंत्र सिद्ध केलें आणि १९२२ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविलें.

परंतु अणूचा कांटा प्रथिनास चालावा कसा? वजन करावयाचें तर पदार्थ प्रथम वायुरूपांत उडवावा लागतो, आणि प्रथिनासारखा अवजड रेणु तापवून उडवूं गेलें तर तो मोडून जातो. दुधाचें वजन करण्यासाठीं तें आटवून टाकावें, तसा हा प्रकार. ही अडचण सुटण्यास १९८० नंतरचें दशक उजाडलें. अमेरिकेंत येल विद्यापीठांत जॉन फेन यांनीं प्रथिनाचें द्रावण अतिशय बारीक सुईंतून उच्च विद्युत्दाबाखालीं फवारलें. फवाऱ्याचे थेंब वाळत वाळत नाहींसे होतात आणि आंतील अखंड प्रथिन विद्युद्भार घेऊन मोकळें होतें. फेन यांच्या नोबेल व्याख्यानाच्या मथळ्यांतच रेणुरूपी हत्तींना पंख देण्याची भाषा होती, ती अगदीं यथार्थ आहे. इकडे जपानांत क्योटो येथील शिमाड्झु कंपनींत कोइची तानाका नांवाचे एक तरुण अभियंते लेसरच्या किरणांनीं हेंच साधूं पाहत होते. एके दिवशीं कोबाल्टच्या अत्यंत बारीक पुडींत त्यांच्या हातून चुकून ग्लिसरीन पडलें. पूड महागाची, फेंकून देणें जिवावर आलें, म्हणून त्यांनीं तेंच मिश्रण वापरून पाहिलें. आणि मोठे रेणु न मोडतां उडण्याची किल्ली त्यांतूनच हातीं लागली. फेन यांना ८५ व्या वर्षीं आणि तानाका यांना ४३ व्या वर्षीं, २००२ सालीं, नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तानाका यांच्यापाशीं विद्यावाचस्पतीची पदवी नव्हती. सांडलेलें टाकून न देण्याची बुद्धि मात्र होती, आणि ती आमच्याहि घरांतून अजून अगदींच नाहींशी झालेली नाहीं.

हा कांटा हातीं येतांच पेशींतील प्रथिनांचे संस्कार वाचण्याचें एक नवें शास्त्रच उभें राहिलें. त्याची रीत थोडक्यांत अशी. पेशी फोडून आंतील प्रथिनें बाहेर काढतात. पण फोडतांक्षणींच त्यांना थंडाव्यांत ठेवून रासायनिक लगाम घालावा लागतो. कारण पेशी फुटली तरी तिच्यांतील विकर काम सोडीत नाहींत, आणि चिकटलेले फॉस्फेट ते भराभर उतरवून टाकूं लागतात. नंतर ट्रिप्सिन नांवाचा पाचक विकर घालून माळांचे तुकडे करतात. ट्रिप्सिन हा मोठा शिस्तीचा. तो लायसिन आणि आर्जिनिन या दोनच मण्यांच्या पुढें कापतो, त्यामुळें कोणते तुकडे पडावयाचे हें आधींच हिशेबानें काढतां येतें. प्रत्येक तुकड्याचें अपेक्षित वजन मांडून ठेवलें, आणि कांट्यानें त्यापेक्षां ८० डाल्टन अधिक दाखविले, तर फॉस्फेट बसलें आहे असें समजावें. १४ अधिक दाखविले तर मिथिल. ४२ अधिक तर बहुधा ॲसेटिल. ‘बहुधा’ असें म्हणण्याचें कारण, एकाच मण्यावर तीन मिथिल बसले तरीहि भर ४२ चीच पडते. बारकाईनें पाहिल्यास मात्र ॲसेटिलची भर ४२.०११ आणि तीन मिथिलांची ४२.०४७ आहे. दीड हजार डाल्टनच्या तुकड्यांत हा भेद पाहणें म्हणजे एक क्विंटलच्या पोत्यांत अडीच ग्रॅमांचा फरक ओळखणें होय. आणि आजचीं उत्तम यंत्रें तो ओळखतात.

वाढीव वजन माळेच्या कोणत्या मण्यावर आहे हें कळण्यासाठीं तो तुकडा यंत्रांतच वायूच्या रेणूंवर आपटून आणखी फोडतात. एकेक मणी कमी होत गेलेल्या तुकड्यांची जणूं एक शिडी तयार होते, आणि ज्या पायरीवर उडी नेहमीपेक्षां मोठी, तेथें संस्कार आहे असें ठरतें. फॉस्फेट बसलेले तुकडे इतरांच्या मानानें अत्यल्प असतात, म्हणून त्यांना टायटॅनियम डायॉक्साइडसारख्या पदार्थावर आधीं वेंचून घ्यावें लागतें. तांदूळ निवडण्यापूर्वीं सुपांत पाखडण्यासारखेंच हें काम आहे.

या फॉस्फेटचें महत्त्व एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनीं १९५५ सालीं स्नायूंतील एका विकरावर दाखविलें, व त्याबद्दल त्यांना १९९२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या विषयाशीं तर त्याचा अगदीं निकटचा संबंध आहे. इन्सुलिन पेशीच्या दारापाशीं येऊन थांबतें; तेथील ग्राहक-प्रथिन स्वतःवर फॉस्फेट चढवितें, मग दुसऱ्यावर, दुसऱ्यामुळें तिसऱ्यावर, असा निरोप आंत पोंचतो आणि साखरेसाठीं दारें उघडतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत इन्सुलिन हजर असूनहि हा निरोप वाटेंत मंदावतो. तो नेमका कोठें मंदावतो, हें शोधण्याचें मुख्य साधन आज हाच कांटा आहे. फॉस्फेट हें हुकुमानें चढणारें आणि हुकुमानें उतरणारें चिन्ह. हिमोग्लोबिनवरील साखर मात्र न बोलावतां आलेली आणि न जाणारी पाहुणी. दोन्हींची ओळख पटते ती वजनावरूनच.

आतां आपल्या कागदावरील आंकड्याकडे वळूं. गांवोगांवच्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या पद्धति वापरल्यामुळें एकाच रक्ताचे वेगवेगळे आंकडे येत असत. यास आळा घालण्यासाठीं चिकित्सा-रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २००२ सालीं एक प्रमाण-पद्धति मान्य केली. ग्लूटामिक आम्लाच्या पुढें कापणारा एक विकर हिमोग्लोबिनवर सोडतात. बीटा माळेंतील सहावा मणी ग्लूटामिक आम्लाचा असल्यामुळें पहिल्या सहा मण्यांचा एक चिमुकला तुकडा सुटून येतो. साखरेवांचून त्याचें वजन सुमारें ६९४ डाल्टन, साखरेसह ८५६. हे दोन तुकडे वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरनें त्यांचें परस्परांशीं प्रमाण काढतात. आपल्या पेठेंतील प्रयोगशाळेंत हें यंत्र नसतें, व त्याची गरजहि नाहीं. किराणा दुकानदाराचीं वजनें जशीं सरकारी वजनमापांशीं ताडून शिक्का मारून घेतलेलीं असतात, तसें साध्या यंत्राचें मोजमाप अखेरीस या प्रमाण-पद्धतीशीं जोडलेलें असावें, एवढाच दंडक आहे.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या चोख मापानें आंकडे जुन्या मापापेक्षां कमी भरले, कारण जुन्या पद्धतींत साखरेच्या नोंदीबरोबर दुसरेंहि कांहीं मोजलें जात असे. गोंधळ टाळण्यासाठीं नवें माप हजारीं प्रमाणांत लिहितात. जुन्या मापानें शेंकडा ६.५, म्हणजे मधुमेहाच्या निदानाची रेषा, ती नव्या मापानें हजारीं ४८; आणि जुन्या मापाचे ७ म्हणजे नव्याचे ५३. परदेशीं राहणाऱ्या मुलानें ‘माझा आंकडा ४८ आला’ असें फोनवर सांगितलें, तर आईनें घाबरून देव पाण्यांत घालण्यापूर्वीं माप कोणतें तें विचारावें.

मापाचा घोळ निस्तरतां येतो. परंतु याहून खोल असा एक दोष आहे, आणि तो आमच्या देशांत विशेष जाणवणारा आहे. खातेवही खरी केव्हां? तिचीं पानें ठराविक मुदत टिकलीं तर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें भारतांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयानें पीडित आहेत. या दोन गोष्टी एकाच घरांत, पुष्कळदां एकाच देहांत, भेटतात. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयांत साखर न वाढतांहि हा आंकडा वर चढूं शकतो. लोह देऊन नव्या पेशी भराभर तयार होऊं लागल्या कीं तो आपोआप उतरतो. सर्वांना वाढून शेवटीं जेवणाऱ्या सुनेचा आंकडा ६.६ आला म्हणून तिचा गूळ आणि खजूर बंद करावा, आणि खरी उणीव लोहाची असावी, असा उफराटा न्याय होण्याचा संभव त्यांत आहे. उलट, रक्तस्राव झाला असेल, रक्त चढविलें असेल किंवा तांबड्या पेशी अकालीं मोडत असतील, तर आंकडा खोटा खालीं येतो आणि घर निर्धास्त राहतें. गर्भारपणींहि तो खालीं झुकतो. म्हणून त्या अवस्थेंत साखरेचें पाणी पाजून करावयाच्या परीक्षेवरच भिस्त ठेवावी.

तिसरी अडचण अधिकच विलक्षण आहे. सिकल सेल या आनुवंशिक विकारांत बीटा माळेच्या सहाव्या जागीं ग्लूटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन येतें, हें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं केंब्रिज येथें १९५६ सालीं दाखवून दिलें. प्रमाण-पद्धतींतील विकर कापतो तो याच सहाव्या मण्यापुढें! तो मणीच बदलला म्हणजे त्या माळेंतून ठरलेला तुकडा सुटतच नाहीं. प्रत्यक्ष प्रमाण-पद्धतीचीहि तेथें अशी अडचण होते. ज्यांस हा विकार दोन्हीं बाजूंनीं आला, त्यांच्या पेशी तर दहावीस दिवसांतच मोडतात. त्यांच्या बाबतींत ही परीक्षा करूंच नये. ज्यांस तो एकाच बाजूनें आला, त्यांचा आंकडा कांहीं यंत्रांवर ठीक येतो, कांहींवर चुकतो. विदर्भांत, नंदुरबारकडे आणि सातपुड्याच्या पट्ट्यांत हा विकार पुष्कळ आढळतो. पुण्यामुंबईच्या डॉक्टरांस रोग्याच्या मूळ गांवाची माहिती विचारल्यावांचून मिळत नाहीं. ती आपण होऊन सांगावी. सखळ हिमोग्लोबिन मास स्पेक्ट्रोमीटरवर घातलें, तर हा दोष १५,८६७ च्या जागीं १५,८३७ अशा तीस डाल्टनांच्या तुटीनें उघड होतो. एकाच कांट्यावर साखरेची भर आणि वंशाची तूट, दोन्ही दिसतात.

तेव्हां घरांतील कर्त्या माणसानें काय करावें? पहिली गोष्ट, हा आंकडा एकटा वाचूं नये. त्याच कागदावर रक्तांतील हिमोग्लोबिनचें प्रमाण पाहावें, आणि तें कमी असेल तर ही बाब डॉक्टरांच्या नजरेस आणावी. दुसरी, घरच्या यंत्रावर उपाशीपोटीं व जेवणानंतर घेतलेल्या साखरेच्या नोंदी एका वहींत लिहून ठेवाव्या. खातेवही आणि गल्ला यांचा मेळ बसत नसेल, तर कोठें तरी चूक आहे असें समजून फ्रुक्टोसामिन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन या परीक्षांविषयीं विचारावें. त्या रक्तपेशींवर अवलंबून नसतात आणि गेल्या दोनतीन आठवड्यांचा हिशेब सांगतात. तिसरी, शक्यतों एकाच प्रयोगशाळेंत, एकाच पद्धतीनें परीक्षा करवावी. मागील कागद सोबत न्यावा, म्हणजे तुलना करतां येते. आणि चौथी, केवळ आंकडा उतरला म्हणून कोणीहि आपल्या मनानें गोळ्या सोडूं नयेत, किंवा चढला म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या सुरू करूं नयेत.

एवढें सांगून आजचें टिपण पुरें करितों. पुढच्या वेळीं घरांत असा कागद आला म्हणजे तो पाहण्यासाठीं सर्वांनीं एकदम झडप घालूं नये. एका मुलास अगर मुलीस तो मोठ्यानें वाचावयास सांगावें : माप शेंकडा कीं हजारीं, हिमोग्लोबिन किती, पद्धति कोणती, आणि मागील खेपेस काय होतें. या चार ओळींचें वाचन होईपर्यंत आजोबांच्या भाताचा निर्णय थांबला, तर त्यांत कोणाचेंहि नुकसान नाहीं. आणि त्याच वाचनांत घरांतील एखाद्या स्त्रीचा रक्तक्षय प्रथमच सर्वांच्या कानीं पडला, तर तिच्या पानांत पालेभाजी, कडधान्य आणि डॉक्टरांनीं सांगितलेली लोहाची गोळी वेळेवर येऊं लागेल.